आठव्या रिंगेखालचा कान

सर, तुमच्या शोकसभेत मी उभी राहून भांडले. तुमच्या फोटोसमोर. उदबत्ती अजून निम्मीसुद्धा जळली नव्हती.

तुमच्या इतिहास मंडळाचे एक वक्ते बोलत होते. तुम्ही किती साधे, किती अभ्यासू, निवृत्तीनंतरही कसे उन्हातान्हात नदीकाठ धुंडाळायचात. इथपर्यंत मी ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "जोगळेकर सरांनी उल्हास नदीच्या काठी कुठेतरी रोमन मद्यकुंभाचा तुकडा शोधून काढला..." पुढचं माझ्या कानात शिरलंच नाही. मी उठले.

"कुठेतरी नाही," मी म्हटलं. "माझ्या शेतात. माझ्या विहिरीत, आठव्या रिंगेखाली. आणि सरांनी शोधला नाही. मला सापडला. सरांनी ओळखला."

"ताई, बसा ना. आज प्रसंग काय आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

"प्रसंग कळतो मला. म्हणून तर हळू बोलतेय."

मी हळू बोलत नव्हते, हे तुम्हाला सांगायला नको. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण त्यांचे खांदे हलताना दिसले. मला वाटलं, रडवलं मी त्यांना. नंतर दारात चपला घालताना त्या माझा हात धरून म्हणाल्या, "सुमनताई, मला हसू आवरेना. ह्यांना फार आवडलं असतं."

"त्यांना आवडावं म्हणून नव्हते बोलले मी," मी म्हटलं. तेही खरंच होतं.

आता मंडळ तुमच्यावर पुस्तिका काढतंय. मलाही लिहायला सांगितलंय. आलेला माणूस जाताना हळूच म्हणाला, "आठवणी लिहा ताई. चांगल्या." म्हणजे भांडण नको. पण आपल्यात भांडणाशिवाय होतं काय, सर? तुमच्यासारखा माणूस मला आयुष्यात दुसरा भेटला नाही, हे मी लिहून देते. आणि तुमच्याइतका राग मला आजवर कुणाचा आला नाही, हेही त्याच शाईने लिहून देते. तुम्ही माझ्याशी सौदा केलात आणि तो पुरा करायच्या आत उठून गेलात. बाजारात असं करणाऱ्याचं मी नाव टाकते.

आपली पहिली गाठ तुमच्या कंपनीच्या गेटावर पडली. कंपनी बंद होत होती. लॅबचे मुख्य म्हणून रिकामे ड्रम आणि ॲसिडच्या चिनी मातीच्या बरण्या काढायचं काम तुमच्यावर आलं होतं. मी उल्हासनगरहून टेम्पो घेऊन आले होते. तेव्हा माझं स्वतःचं गोदाम नुकतंच झालं होतं आणि बोलण्यात कुणी मला हरवू शकेल असं मला वाटत नव्हतं. मोरिवलीत कारखान्यांच्या भिंतींना लागून वाढलेली मुलगी मी. गेटावरच्या शिपायापासून मॅनेजरपर्यंत कुणाशी कसं बोलायचं ते मी फ्रॉकात असताना शिकले होते.

तुम्ही भाव सांगितलात. मी नेहमीसारखी हसले आणि निम्मा सांगितला.

"भाव एकच आहे, बाई," तुम्ही म्हणालात.

"एक भाव औषधाच्या दुकानात असतो, साहेब. इथं बोलायचं असतं."

तुम्ही चष्मा काढलात आणि रुमालाने पुसायला लागलात. काही बोलेचनात. एक काच झाली, मग दुसरी. मी थोडा वाढवला. तुम्ही चष्मा उजेडात धरून पाहिलात. मी आणखी वाढवला. शेवटी तुम्ही चष्मा नाकावर ठेवलात तेव्हा मी तुमच्या भावावर येऊन उभी होते. समोरच्याने एक शब्द उच्चारला नाही आणि माझा भाव मीच चढवत नेला, असं पहिल्यांदाच झालं. घरी जाईपर्यंत मी तुम्हाला शिव्या देत होते. मला तेव्हा कळलं नाही, पण आपलं सगळं भांडण त्या चष्मा पुसण्यातच होतं.

पुढच्या आठवड्यात तुम्ही न बोलावता माझ्या गोदामात आलात. शर्टाच्या बाह्या वर केल्यात आणि प्रत्येक ड्रमवर खडूने लिहीत गेलात, यात काय होतं, हा पाण्याने धुवायचा, याला पाणी लागूच द्यायचं नाही, हा कुणालाही विकायचा नाही. माझ्या धुणाऱ्या बायकांना उभं करून समजावलंत. त्यांच्यातल्या एकीने विचारलं, "साहेब, तुम्हाला यात काय मिळतं?" तुम्ही म्हणालात, "झोप." माझ्या गोदामात त्यानंतर कुणाचा हात भाजला नाही. हे मी कधी तोंडावर बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही चष्मा पुसला असता.

त्यानंतर रविवारी सकाळी अंबरनाथला तुमच्याकडे चहाला येणं सुरू झालं. कपाटात पुस्तकं आणि पलंगाखाली खापऱ्या. वहिनी म्हणायच्या, "लोकांच्या पलंगाखाली ट्रंका असतात, माझ्या पलंगाखाली कल्याणचं जुनं बंदर आहे." तुम्ही मला खापऱ्या दाखवायचात. मी जांभया द्यायचे. फुटकी मडकी मला ठाऊक होती, त्यात बघायचं काय?

मग माझी विहीर आली.

बापाची मोरिवलीची जमीन कारखान्यांखाली गेली. बदलापूरच्या पुढे नदीकाठचं शेत मी माझ्या कमाईवर घेतलं. भात लावायचं, कडेला भाजी करायची, आणि म्हातारपणी कुणाला भाव न विचारता वांगं तोडायचं, एवढंच डोक्यात होतं. पाण्यासाठी सिमेंटच्या रिंगांची विहीर खणायला घेतली. आत माणूस खणतो, माती बादलीने वर येते, रिंग खाली बसते, तिच्यावर दुसरी ठेवतात. प्रत्येक रिंग एक फुटाची. मी विहिरीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते, कारण नजर हटली की खणणारे विडी पेटवतात.

आठवी रिंग बसत होती तेव्हा बादलीत तो आला. जाड, खरबरीत, लांबोळा. दोन नळ्या शेजारी शेजारी चिकटवून वाकवल्यासारखा. मी धुतला तेव्हा कळलं, कसल्याशा मोठ्या भांड्याचा कान आहे. आणि माझं डोकं फिरलं. मला वाटलं, कुठल्यातरी कंपनीने माझ्या शेतात ॲसिडच्या बरण्या पुरल्यात! मी जमीन घेण्याआधी गाडीभर कचरा आणून पुरला आणि वर माती ओढली. आमच्याकडे असं कधी कुणी केलंच नाही असं थोडंच आहे?

तशीच प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी तुमच्याकडे आले. दारातच म्हटलं, "सर, ही कुठल्या कंपनीची बरणी आहे ते सांगा. बाकी मी बघते. मी सोडणार नाही त्यांना."

तुम्ही पिशवीतून तो बाहेर काढलात आणि खुर्चीत बसलात. मग भिंग मागितलंत. खिडकीशी गेलात. तुटलेली बाजू उजेडाकडे करून कितीतरी वेळ बघत राहिलात. वहिनी चहा घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

"सुमनताई," तुम्ही म्हणालात, "ही कंपनी बंद पडून बराच काळ झाला."

"मालक कुठे आहेत?"

"वारले."

"मुलं-बिलं असतील की."

"दोन हजार वर्षं झाली हो," तुम्ही म्हणालात, आणि तुमचा आवाज असा फाटला की वहिनींनी चहाचा ट्रे खाली ठेवला.

मग तुम्ही मला भिंगातून दाखवलंत. तांबूस मातीत काळे कण, उन्हात साखरेसारखे चमकणारे. ही रेती आपल्याकडची नाही, म्हणालात. इटलीत एका ज्वालामुखीच्या पायथ्याशी समुद्रकाठी असली काळी रेती मिळते, तिथले कुंभार ती मातीत मिसळायचे. असा दोन नळ्यांचा कान त्यांच्याच दारूच्या कुंभांना असायचा. गलबतात आडवे-उभे रचून तो माल इकडे यायचा. कल्याणच्या बंदरात उतरायचा आणि नदीने वर चढायचा. "आणि एक कुंभ," तुम्ही म्हणालात, "तुमच्या वांग्यांपर्यंत आला."

"म्हणजे भांडायला कुणी नाही?"

"रोमला जायची तयारी असेल तर बघा."

पुण्याला पुरातत्त्व शिकवणाऱ्या एका मॅडमना तुम्ही फोटो पाठवलेत, मग त्या स्वतः येऊन बघून गेल्या. तरुण बाई, पण तुमच्यासारखीच शब्द मोजणारी. त्यांनी भिंग लावलं, नख फिरवलं आणि मान डोलावली. तुम्ही त्या दिवशी लहान पोरासारखे घरभर फिरत होतात. मीही खूष होते. खोटं कशाला बोलू? मी तुम्हाला म्हटलं, "शेतावर बोर्ड लावते. दोन हजार वर्षं जुनं गाव."

"एकोणीसशे ते दोन हजारच्या दरम्यान," तुम्ही म्हणालात.

"दोन हजार धरा की."

"यात बोलायचं नसतं, सुमनताई."

"एवढ्या मोठ्या हिशेबात शंभर वर्षं कोण बघतंय?"

"मी."

सगळे हसलो. त्या हसण्यावर मी अजून चिडून आहे, कारण पुढच्याच रविवारी तुम्ही मला खोटी ठरवलंत.

तुकडा सरकारी खात्याकडे रीतसर जमा करायचा होता. त्याआधी तुम्हाला त्याची नोंद करायची होती. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं. कंगव्यासारखं एक यंत्र तुकड्यावर दाबून तुम्ही त्याची वळणं कागदावर उतरवलीत. जाडी मोजलीत, पट्टी शेजारी ठेवून फोटो काढलात. अंक घालायचा होता, पण शाई खरबरीत मातीवर फुटते, म्हणून मला आधीच सांगून ठेवलं होतंत, बिनरंगाचं नेलपॉलिश आणा. उल्हासनगरच्या बाजारात मी कधी स्वतःसाठी नेलपॉलिश घेतलं नव्हतं. दुकानदार हसला, "काय ताई, लग्न आहे का घरात?" मी म्हटलं, "आहे. दोन हजार वर्षांची नवरी आहे." तुम्ही तुकड्याच्या आतल्या बाजूला नेलपॉलिशचा एवढासा ठिपका लावलात, तो वाळू दिलात आणि त्यावर बारीक निबने अंक घातलात. तेव्हा मला वाटलं, याच्याइतकं जपून कुणी मला कधी हात लावला नाही.

मग तुम्ही विचारलंत, "खोली?"

"आठ फूट," मी म्हटलं. आठवी रिंग बसत होती, माझ्या डोळ्यांसमोर.

तुम्ही चष्मा काढलात आणि पुसायला लागलात.

सर, मी तीस वर्षं बाजारात उभी आहे. समोरचा गप्प बसला की माझं तोंड आपोआप चालतं, जसा दुसऱ्याचा हात गरम तव्यावरून आपोआप उचलला जातो. मी म्हटलं, "बरं, सात धरा." तुम्ही दुसरी काच घेतलीत. मी म्हटलं, "सहाच्या खाली नाही. शेवटचं."

तुम्ही चष्मा घातलात, पेनाचं टोपण काढलंत आणि लिहिलंत. मी पुढे वाकून वाचलं. खोली: अनिश्चित. सापडण्याची जागा: अनिश्चित.

"हे काय?"

"आता तुम्हीच तीन आकडे सांगितलेत."

"खरा आठच आहे!"

"मग सहा का म्हणालात?"

"तुम्ही गप्प बसलात म्हणून!"

"मी चष्मा पुसत होतो."

"मग पुसायचा कशाला?"

वहिनी आतून धावत आल्या. तुम्ही शांतच. तुमच्या त्या शांतपणाची मला अजून चीड येते. म्हणालात, "आकडा सोडा. तुम्ही आठच म्हणाला असतात तरी मी लिहिलं नसतं. रिंग बसताना बाजूची माती ढासळते. वरचं खाली जातं. तो कान जमिनीत बसलेला कुणी पाहिला? बादलीतल्या मातीला खोली नसते, सुमनताई."

"आणि जागा? विहीर पण ढासळली का? ती तर तिथंच आहे!"

"भराव असू शकतो. दुसरीकडची माती आणून टाकलेली."

"म्हणजे मी खोटं बोलते."

"मी असं लिहिलेलं नाही."

"लिहायला काय राहिलं?"

तुम्हाला ठाऊक नव्हतं, सर, म्हणून आज सांगते. आमच्या बांधाची मोजणी झाली तेव्हा माझा बाप साहेबाला बांधावरून चालवत घेऊन गेला होता. इथून इथपर्यंत आमचं. साहेबाने मान हलवली आणि कागदावर दुसरंच उतरवलं. बाबा शेवटपर्यंत एवढंच म्हणायचे, "मी दाखवला व्हता, त्यानं बगलाच नाय." मी ते ऐकत मोठी झाले. मी ठरवलं होतं, माझं बोलणं कागदावर उतरेल इतकी मी मोठी होईन. गोदाम झालं, शेत झालं, बँकेतला माणूस उठून खुर्ची देतो. आणि ज्या एका माणसाच्या कागदाला मी मान द्यायचे, त्याने माझ्यासमोर लिहिलं, अनिश्चित.

मी म्हटलं, "खोडा ते."

"पुरावा आणा. विहिरीशेजारी रीतसर खड्डा घ्या, मॅडमच्या देखरेखीखाली. जमिनीत बसलेलं काही मिळालं, तर मी माझ्या हाताने खोडीन."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर राहील."

"मॅडमच खोडतील की मग. तुम्ही कशाला हवे?"

"नाही. नोंद ज्याने केली त्यानेच दुरुस्त करायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही." मग तुम्ही हात पुढे केलात. "ठरलं?"

मी हात मिळवला. मनातून नाही, पण मिळवला. बाजारात हात मिळवला की ठरलं.

त्यानंतर मी रविवारचा चहा बंद केला. गोदामात माझी चिडचिड इतकी वाढली की शेजारचा दुकानदार, जो मला बहीण म्हणून अदी म्हणतो, एक दिवस बोललाच, "अदी, मटके का एक टुकड़ा है. उसके लिए इतना गुस्सा?" मी म्हटलं, "टुकड़ा छोटा है, गुस्सा पुराना है." त्याच्या आजोबांची हवेली फाळणीत सिंधमध्येच राहिली. कागदावर काय राहतं आणि काय राहत नाही, ते त्याच्या घरात सगळ्यांना कळतं.

मधे एकदा बिल्डरचा माणूस आला होता. चिखलोलीला स्टेशन होणार, आता इथंही भाव चढणार, शेत देऊन टाका, विहीर आम्ही बुजवू. दुसरी कुठली वेळ असती तर मी त्याला चार महिने चहा पाजून झुलवलं असतं. या वेळी मी एका शब्दात नाही म्हटलं. तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला, आकडा तरी सांगा, आकडा तरी सांगा. मी माझा चष्मा काढला आणि पुसत बसले. बघा, तुमच्याकडून मी काय शिकले! तो तीनदा चढला आणि मग घाबरून निघून गेला. विहीर बुजली असती तर तुमचं 'अनिश्चित' कायमचं पक्कं झालं असतं. ते मी होऊ देणार नव्हते.

पुण्याच्या मॅडमशी बोलले. परवानगीचे कागद त्यांनी केले. भात कापून झालं की खड्डा घ्यायचा ठरलं. तुम्हाला सांगू नका, असं मी त्यांना बजावलं होतं. खड्डा तयार झाला की तुम्हाला गाडीत घालून आणायचं, कडेला उभं करायचं आणि म्हणायचं, काढा पेन. ते दृश्य मी मनात इतक्यांदा पाहिलं होतं की त्यातल्या तुमच्या शर्टाचा रंगसुद्धा ठरला होता.

तुम्ही शेवटचे भेटलात ते अंबरनाथच्या भाजी बाजारात. हातात पडवळ होतं.

"राग गेला का?" तुम्ही विचारलंत.

"राग माझा आहे. मी सांभाळीन."

"आणि पुरावा?"

"येतोय. पेन भरून ठेवा."

तुम्ही शर्टाच्या खिशावर हात ठेवलात, पेन होतंच तिथं, आणि हसलात. म्हणालात, "मी वाट बघतोय, सुमनताई." मी पडवळाचा भाव विचारला आणि तुम्ही फसलात असं सांगून निघून आले. आपलं एवढंच बोलणं झालं. आणखी काही बोलायचं असतं, असं तेव्हा वाटलं नाही. भात अजून पोटरीला यायचं होतं. घाई कशाला?

तुम्ही थांबला नाहीत.

वहिनींचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं काय निघालं ते मला लाज न बाळगता लिहायचं आहे. मी म्हटलं, "असं कसं गेले? ठरलं होतं आमचं!" मग आम्ही दोघी कितीतरी वेळ फोन कानाला लावून तशाच राहिलो.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल मनात काही ठेवू नये. का ठेवू नये? तुम्ही असताना माझ्या रागाला जाऊन बसायला एक घर होतं. आता तो माझ्याच घरात येऊन बसलाय आणि हलत नाही.

भात कापलं. मॅडम आल्या, त्यांच्याबरोबर दोन विद्यार्थिनी. विहिरीपासून काही हातांवर दोऱ्या लावून चौकोन आखला. मी वहिनींना गाडी पाठवली. त्या येतील असं वाटलं नव्हतं, पण आल्या. प्लास्टिकच्या खुर्चीत सावलीला बसल्या, मांडीवर पिशवी. पिशवीतून तुमची मोजायची फीत काढून त्यांनी मॅडमना दिली. "ह्यांचीच वापरा," म्हणाल्या.

असं खणणं मी पाहिलं नव्हतं. खुरप्याने, कुंच्याने, माती चाळून. माझे मजूर बाजूला उभे राहून हसत होते. एक म्हणाला, "या येगात आमची इहीर खणली असती तर ताईचं नातू पानी प्याले असते." दिवसामागून दिवस गेले. वरच्या थरात बांगडीचे तुकडे, साधी खापरं. मॅडम प्रत्येक थर मला दाखवायच्या. इथं मातीचा रंग बदलला बघा, इथं भराव नाही, नदीने आणलेला गाळ आहे, कुणी हलवलेला नाही. तुमचा भराव पहिल्यांदा तिथं मेला, सर. मी वहिनींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "एक झालं."

आणि मग खड्ड्याच्या तळातून एका पोरीने हाक मारली. कुणी हात लावू नका, मॅडम ओरडल्या. मी गुडघ्यांवर बसून आत डोकावले. गाळात अर्धा रुतलेला, पंज्याएवढा, जाड तुकडा. बाहेरून तांबूस, आतल्या अंगाला काळी राळ चिकटलेली. कुंच्याने माती झटकली तसे उन्हात ते काळे कण चमकले. साखरेसारखे. मी ते भिंगाशिवाय ओळखले.

मॅडमनी तुमची फीत खाली सोडली. वाचण्याआधी त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि का कोण जाणे, विचारलं, "सुमनताई, तुमच्या अंदाजाने किती?"

आठ म्हणायचं होतं. पण सगळे गप्प होते, वहिनीसुद्धा, आणि मला माझा भरवसा नव्हता. मी तोंडावर पदर धरला आणि हाताने खूण केली, तुम्हीच वाचा.

"आठ फुटांना चार बोटं कमी," त्या म्हणाल्या आणि मग मीटरमध्ये लिहून घेतलं. जमिनीत बसलेला. न हललेला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

मी उठले, मळ्याच्या कडेला गेले आणि नदीकडे तोंड करून तुमच्या नावाने ओरडले. काय ओरडले ते पुस्तिकेत छापणार नाहीत.

परत आले तेव्हा मॅडम सांगत होत्या. खात्यातल्या कानाचे फोटो आणि मोजमाप त्यांनी बरोबर आणलं होतं. "तुटलेल्या कडा जुळत नाहीत, ताई. त्याच कुंभाचा तुकडा आहे असं म्हणता येणार नाही. पण माती तीच, काळ तोच. जुन्या नोंदीला आपण टीप जोडू शकतो. सर नाहीत, तर खात्याच्या परवानगीने मी 'अनिश्चित' खोडून 'बहुधा याच जागेचा' असं लिहू शकते."

"बहुधा?" मी म्हटलं.

"त्याच्यापुढे मी जाऊ शकत नाही."

"बहुधाला मी भाव देत नाही."

तेवढ्यात वहिनींनी पिशवीत हात घातला आणि तुमचं पेन काढलं. तेच, खिशातलं. त्यांनी ते कुणाला द्यावं हे त्यांनाच कळत नसावं, दोघींच्या मधे धरून उभ्या राहिल्या. "भरून ठेवलं होतं त्यांनी," त्या म्हणाल्या. "तुमची भेट झाली त्याच दिवशी बाजारातून येऊन भरलं. म्हणाले, सुमनताई येणार आहेत."

मी ते पेन घेतलं नाही, सर. मॅडमनाही घेऊ दिलं नाही.

"नवी नोंद नव्या कागदावर करा," मी म्हटलं. "खोली लिहा, जागा लिहा, माझं नाव लिहा. जुन्या कागदाला कुणी हात लावायचा नाही."

"पण ताई, त्यात तुमच्यावरच अन्याय..."

"असू दे."

ही माझी शिक्षा आहे, नीट ऐका. खात्याचं ते नोंदींचं कपाट जोवर आहे तोवर तो कागद तिथं राहील. तुमच्या वळणदार अक्षरात अनिश्चित, खाली तुमची सही. आणि त्याला लागून दुसरा कागद, त्यावर माझी खोली, चार बोटं कमी धरून. जो कुणी बघेल तो दोन्ही वाचेल आणि विचारेल, हा माणूस इतका हट्टी कोण होता? त्यांना कुणीतरी सांगावं, म्हणून मी हे लिहिलं. तुमची चूक मी कुणाला पुसू देणार नाही. ती माझ्याजवळ राहिलेली तुमची वस्तू आहे.

पेन वहिनींकडे आहे, भरलेलं. विहिरीला पाणी चांगलं लागलंय. तुमच्यासाठी एक खुर्ची तिच्या तोंडाशी ठेवली आहे आणि तिच्यावर मी कुणाला बसू देत नाही.

मी पुरावा आणला, सर. या आणि खोडा.